पॅटर्नचा कागद न देता विणकाम शिकवलं

गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच दोन सुयांच्या विणकामाचं वर्कशॉप घेतलं, जुळे सोलापुरात, मैत्रिणीच्या घराच्या वरच्या हॉलमध्ये, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, आणि तेव्हापासनं डोक्यात तेच चाललंय म्हणून नीट लिहून काढतेय. हुरड्याचे रविवार चालू असताना कोण येणार असं घरातले म्हणत होते, पण पंधराएक जणी आल्या, शिवाय टेक्सटाइलचा डिप्लोमा करणारा एक मुलगा. बहुतेकींना सुलट-उलट, म्हणजे विणकामाचे दोन मूळ टाके, येत होतं. कुणी आईकडनं शिकलेलं, कुणी आत्याकडनं, आणि शेवटचं काय विणलं विचारलं तर भाचीचा नाहीतर नातवाचा बाळंतविडा, टोपडं, मोजे, छोटा स्वेटर, त्यानंतर सुया ज्या कपाटात गेल्या त्या गेल्याच.

मला ह्याच बायका हव्या होत्या. अगदी नवशिक्या आल्या असत्या तर अर्धा दिवस टाके घालण्यातच गेला असता, आणि मला जे शिकवायचं होतं ते टाके घालता येण्याच्या पुढचं होतं. वर्कशॉपच्या मेसेजमध्येच लिहिलं होतं की कुठलीही वस्तू पूर्ण करून घरी न्यायची नाही, पॅटर्नचा कागद मिळणार नाही, दिवसभर फक्त छोटी छोटी सॅम्पलं विणायची आणि त्यांच्याकडे बघायचं. तरी सुया बाहेर निघाल्या निघाल्या पहिला प्रश्न आलाच, मॅडम पॅटर्न कधी देणार?

मी असं का ठरवलं ते सांगते. आपल्याकडे विणकाम जे शिकवलं जातं ते ‘पहिली सुई अशी, दुसरी सुई तशी, तिसरी सुई पहिलीसारखी’ ह्या पद्धतीनं (सुई म्हणजे इथं विणलेली एक ओळ). मासिकातलं कात्रण नाहीतर शेजारणीनं वहीत उतरवून दिलेलं, हल्ली यूट्यूब. त्यात वाईट काहीच नाही, मीही तशीच शिकले आणि त्यातनं सुंदर वस्तू होतात. पण कागद हरवला की हात थांबतो. मधे एक टाका निसटला की अख्खं उसवावं लागतं कारण कुठं काय झालंय ते कापडाकडे बघून कळत नाही, आणि लोकर थोडी जाड मिळाली की टोपडं बाळाऐवजी बाळाच्या बापाला बसतं. ज्या बाईला शेकडो टाके एकसारखे घालता येतात, तिला स्वतःच्या मनानं एक रुमाल डिझाइन करायची भीती वाटते, हे मला बघवत नाही. क्रिएटिव्ह म्हणजे फार वेगळं, कुणी कधी न केलेलं काहीतरी असायला पाहिजे असं मला मुळीच वाटत नाही. कुठला टाका कापडाला काय करतो हे माहीत असणं आणि त्यावरनं आपण ठरवणं, मला एवढंच शिकवायचं होतं.

आता सुताचं. लोकर नको हे मी आधीच पक्कं केलेलं. मार्चअखेरपासनं पुढे आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, थंडी म्हणावी तर डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेपुरती, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी फिरताना शाल लागते तेवढीच. आणि सुती धाग्यानं गच्च भरलेल्या गावात बसून आपण बाहेरनं ॲक्रिलिकचे गोळे का मागवायचे? काहींनी शंका काढली की विणकाम लोकरीचंच असतं, सुती कसं चालेल. त्यांना मी इजिप्तच्या मोज्यांबद्दल सांगितलं. सुयांवरच्या विणकामाचे जगात सापडलेले जे फार जुने नमुने आहेत त्यात इजिप्तमधले मोजे आहेत, मध्ययुगातले, आणि ते सुती आहेत, पांढरा आणि निळीत रंगवलेला निळा. म्हणजे सूत ही काही आपली सोलापुरी तडजोड नाही, सुतातलं विणकाम एवढं जुनं आहे.

बाजारात टॉवेलवाल्यांचं २/२० सूत कोनवर, म्हणजे शंकूसारख्या नळीवर गुंडाळलेलं, मिळतं, ते आणलं. ज्यांना काउंट, म्हणजे सुताच्या जाडीचा नंबर, माहीत नाही त्यांच्यासाठी, वीस नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डाच्या वीस लड्या बसतील इतका बारीक धागा, आणि २/२० म्हणजे असे दोन धागे एकत्र पिळलेले, म्हणजे जाडीला साधारण दहा नंबर. एकटा धागा विणायला फारच बारीक. मी हिशोब केला, आठ कोनांचे धागे एकत्र धरले तर १०० ग्रॅमला साधारण २१० मीटर पडतं, आणि हे विणकामाच्या नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीएवढंच झालं, ४ एमएमच्या सुईला बरोबर. जुन्या सुया असतील तर आठ नंबरच्या. (सुतात आणि जुन्या सुयांत नंबर वाढला की जाडी कमी होते, हे एकदा लक्षात ठेवलं की दुकानात घोळ होत नाही.)

आठ धागे एकत्र धरून विणायचं म्हणजे एक अडचण येते, सुईचं टोक मधेच घुसतं आणि आठातले पाचच धागे वर येतात. मला त्याची सवय झालीय, मी बोथट टोकाच्या बांबूच्या सुया वापरते, पण सगळ्यांकडे त्या नव्हत्या आणि पहिला अर्धा तास नुसती कुरकुर. तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातनं आलेल्या एक मावशी होत्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, लहानपणापासनं घरच्या मागासाठी कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या छोट्या नळ्या, भरलेल्या, त्यांनी माझ्या हातातला आठपदरी धागा घेतला, अंगठा आणि बोटात धरून जरा फिरवला आणि म्हणाल्या, ‘ह्याला पीळ कुठाय? नुसतं जवळ जवळ ठेवलंय. पीळ द्या की थोडा.’ आणि रहाट नाही, मशीन नाही, धाग्याचा गोळा खाली सोडून लोंबकळता ठेवला, त्याला गरगर फिरवलं आणि पीळ वर चढू दिला. एका दिशेनंच फिरवायचं, ज्या दिशेनं फिरवल्यावर धागा आवळतो ती दिशा. पाच मिनिटांत सगळ्या हॉलमध्ये गोळे लोंबकळायला लागले. इतकी वर्षं मी आठ धागे धरून विणतेय आणि हे मला सुचलं नव्हतं, आता कायम असंच करणार.

सुताबद्दल अजून एक, लोकरीला जी लवचीकता असते ती सुताला नाही. लोकर ओढली तर परत जागेवर येते, सूत ओढलं की ओढलेलंच राहतं, त्यामुळे लोकरीवर चालणारं ढिलं-घट्ट सुतावर लगेच दिसतं आणि हात दुखतात. दर अर्ध्या तासानं सुया खाली ठेवून बोटं उघडझाप करायला लावली मी सगळ्यांना. रंगीत सूत असेल तर पांढऱ्यासोबत विणायच्या आधी धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघायचा, लाल आणि मरून तर नक्कीच.

पहिलं सॅम्पल अगदी साधं ठेवलं. २४ टाके, २० सुया, तीन तुकडे. एक सगळा सुलट, दोन्ही बाजूनं. एक, एक सुई सुलट एक सुई उलट. आणि तिसरा २ सुलट २ उलट, परतताना सुलटावर सुलट, उलटावर उलट. विणायला सगळ्यांना येतं, कुणीच ह्यात अडकलं नाही, पण तिन्ही तुकडे शेजारी शेजारी टेबलावर ठेवले तेव्हा हॉल एकदम शांत झाला. टाके तेवढेच, सुया तेवढ्याच, धागा तोच, आणि तीन वेगळे आकार. सगळा सुलट तुकडा रुंद आणि बुटका, तिसरा आत ओढून घेतलेला आणि अरुंद, आणि मधला? मधला वाळत घातलेल्या पापडासारखा कडांनी वळलेला. ‘मॅडम, माझं गुंडाळून येलालंय, चुकलं काय की,’ असं एक ताई म्हणाल्या. चुकलं नव्हतं, ते वळणारच. त्या विणीत सगळ्या सुलट बाजू एकीकडे आणि सगळ्या उलट बाजू दुसरीकडे येतात, प्रत्येक टाक्याचा एकाच बाजूला ओढा असतो आणि कडेला त्याला अडवणारं कुणी नसतं, म्हणून वरची-खालची कड पुढे वळते आणि बाजूच्या कडा मागे. सुलट-उलट मिसळलं की दोन्हीचा ओढा एकमेकांना सांभाळतो. हे कळलं की बॉर्डर का घालतात ते आपोआप कळतं, आणि एखादीला वळणारी कडच हवी असेल, कॉलरला किंवा फुलाच्या पाकळीला, तर ती मुद्दाम वापरता येते.

तिथं त्या मावशींनी जे म्हटलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. टेरी टॉवेल विणताना दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, असतात, एक ताठ आणि एक ढिला, तीन आडवे धागे पडले की फणी ते एकदम ठोकते आणि ढिल्या बीमचे धागे वर उचलून लूप तयार होतात. मावशी म्हणाल्या, ‘टॉवेलचं लूप कापडावर नुसतं उभं राहतंय, ते निघालं तरी कापड राहतंय. तुमचं हे सगळं लूपच हाय, खाली कापडच नाही.’ माझ्याकडनं इतकं स्पष्ट कधी सांगून झालं नसतं. मागावर उभे शेकडो धागे आणि त्यातनं आडवा धागा, इथं एकच धागा शेवटपर्यंत, स्वतःच्याच मागच्या फासातनं पुढचा फास काढत जाणारा. म्हणून तर एक टाका सुटला की सरळ खालपर्यंत शिडी पडते.

ती शिडी आम्ही पुढच्या सॅम्पलमध्ये मुद्दाम पाडली. विणताना एका टाक्याला धागा दोनदा गुंडाळायचा, पुढच्या सुईला जादाचा वेढा सोडून द्यायचा, लांब उभी जाळी मिळते. आणि दुसरं, पूर्ण तुकडा झाल्यावर बंद करताना मधला एक टाका सुईवरनं सोडायचा आणि खालपर्यंत उसवत न्यायचा. सोडताना एका काकूंचे हात अक्षरशः थरथरत होते, आयुष्यभर टाका सुटू नये म्हणून जपलेलं आणि आता बाई म्हणतेय सोडा. सोडला त्यांनी. खाली गेला, टाके घालण्याच्या ओळीशी येऊन थांबला, कापड शाबूत राहिलं, आणि काकूंनी लगेच शेजारचा पण सोडला. उन्हाळ्यातला स्टोल असा करायचा असेल तर दर पाच-सहा टाक्यांनंतर एक सोडायचा, कापड आधीपेक्षा बरंच रुंद होऊन हवेशीर होतं, हे त्यांचं त्यांनीच शोधलं.

जेवणाच्या आधी चौकोन घेतला, कोपऱ्यातनं वळणारा. हा मला सगळ्यात आवडतो. ३१ टाके घालायचे, मधल्या म्हणजे सोळाव्या टाक्याला सेफ्टी पिन लावायची. सुलट बाजूनं विणत यायचं, मधल्याच्या आधी एक टाका उरला की तो आणि मधला असे दोन एकत्र न विणता उजव्या सुईवर घ्यायचे, पुढचा एक सुलट विणायचा आणि घेतलेले दोन त्याच्यावरनं उतरवायचे. तीनाचा एक झाला. उरलेले सुलट, परतीची सुई सगळी सुलट. असं करत एक टाका उरेपर्यंत. सरळ पट्टी म्हणून सुरू केलेलं ते मधनं वळत वळत चौकोन होतो, आणि टाके घातलेली कड त्याच्या दोन बाजू होऊन बसते.

कृती सगळ्यांना जमली. पण मी पुढचा प्रश्न विचारला, काटकोनच का झाला? कमी-जास्त का नाही? आणि पाच मिनिटं कुणाला उत्तर सांगू दिलं नाही. डिप्लोमावाल्या मुलानं सुरू केलं होतं, त्याला थांबवलं. शेवटी एका शाळेतल्या गणिताच्या बाई निघाल्या, त्यांनी टाका मोजला, ओळ मोजली, आणि म्हणाल्या की सगळ्या सुलट विणीत दोन सुयांची उंची मिळून एका टाक्याच्या रुंदीएवढी होते, दर दोन सुयांना प्रत्येक बाजूचा एक टाका कमी होतोय, म्हणजे जेवढं वर जातंय तेवढंच आत येतंय. बरोब्बर. मग चार सुयांनी एकदा कमी केलं तर? कोन उघडेल. प्रत्येक सुईला कमी केलं तर? टोकदार होईल. एकीनं जेवण झाल्या झाल्या चार सुयांचं करून बघितलं आणि तिला पंख्यासारखा पसरट आकार मिळाला, तो तिला चौकोनापेक्षा जास्त आवडला. हेच पाहिजे होतं मला. तो आकार कुठल्याच कागदावर नव्हता, तिनं एक आकडा बदलून मिळवला.

जेवण म्हणजे डबे. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कुणीतरी सकाळचं मुरमुऱ्यांचं सुशीला आणलेलं. तेलकट हातानं सुताला शिवायचं नाही एवढा एकच नियम.

दुपारी दोन रंग. ह्यासाठी मी मोझेक नावाची पद्धत निवडली, कारण त्यात एका वेळी हातात एकच रंग असतो. हे नाव आणि ही पद्धत नीट मांडली ती अमेरिकेतल्या बार्बरा वॉकर ह्यांनी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि टाका न विणता उचलून घ्यायची युक्ती त्याच्याही आधीची. दोन सुया पांढऱ्या, दोन सुया मरून, असं आळीपाळीनं. मरूनच्या सुईला चार्टवर, म्हणजे नक्षीचे खाने भरलेल्या कागदावर, जिथं मरून आहे तो टाका विणायचा, जिथं पांढरा आहे तो न विणता नुसता उचलायचा, धागा मागं ठेवून. परतताना विणलेला विणायचा, उचललेला परत उचलायचा, धागा आपल्याकडे, म्हणजे कापडाच्या उलट बाजूला. उचललेला टाका खालच्या ओळीतला पांढरा रंग वर ओढून आणतो. झालं. दिसायला मात्र असं दिसतं की दोन-दोन धागे घेऊन फार मोठं काम केलंय.

चार्ट फळ्यावर लावला, चौकोनी खान्यांच्या कागदावर भरलेला. आणि एक वहिनी, सकाळपासनं गप्प होत्या, सगळ्यात मागं बसलेल्या, त्या उठून चार्टजवळ आल्या. त्यांचे सासरे चादरीचे डिझायनर होते, जकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाचे, ग्राफ भरायचे, मोर, वेली, कोपऱ्यातली फुलं, घरात जमिनीवर ग्राफ पसरून लाल रंगानं एक-एक खाना भरत बसायचे आणि ह्यांनी लग्न होऊन आल्यापासनं ते बघितलेलं, कधी कधी भरायला मदत केलेली. त्या म्हणाल्या, ‘भरलेला खाना म्हणजे धागा उचलायचा, रिकामा म्हणजे नाही. हेच ना?’ हेच. जकार्डच्या पुठ्ठ्याला भोक असलं की तो धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो, १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डनं ती यंत्रणा बसवली तेव्हापासनं हेच तत्त्व, आणि आपल्या मोझेकमध्ये विणायचा की उचलायचा, प्रत्येक खान्याला दोनच उत्तरं.

पण त्यांचा खरा प्रश्न पुढे होता. त्यांनी विचारलं, तुमचा ग्राफ चौकोनी का? सासऱ्यांचा ग्राफ चौकोनी नसायचा, एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती त्यावर खाने आडवे-उभे कमी-जास्त असायचे, नाहीतर मोर बसका येतो.

मी विणकामाच्या वर्गात हा प्रश्न येईल असं धरलंच नव्हतं आणि मला इतका आनंद झाला की मी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. कारण दोन रंगांत विणणाऱ्यांची सगळ्यात जास्त निराशा इथंच होते. चौकोनी कागदावर गोल काढतात, विणतात, आणि चपटा लंबगोल येतो, मग वाटतं आपला हात वाईट. हात वाईट नसतो. एक सुई सुलट एक सुई उलट ह्या विणीतला टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, साधारण पाच टाक्यांच्या रुंदीत सात ओळींची उंची बसते. म्हणजे त्या विणीसाठी कागदावरचा खाना पण तेवढाच बसका पाहिजे. आणि माझा मोझेकचा चार्ट चौकोनी चालतो कारण मी ते सगळ्या सुलट विणीत घेत होते, तिथं चार्टची एक ओळ म्हणजे दोन सुया, आणि दोन सुया म्हणजे एका टाक्याची रुंदी, सकाळचा गणिताच्या बाईंचा हिशोब. हे सांगितल्यावर त्या वहिनी म्हणाल्या, ‘मग आधी कापड मोजायचं, मग कागद आखायचा.’

एवढं एक वाक्य वर्कशॉपच्या सुरुवातीला फळ्यावर लिहायला पाहिजे असं मला वाटतं. आम्ही लगेच तेच केलं. सकाळच्या सॅम्पलवर पट्टी ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी ते प्रत्येकीनं मोजलं, प्रत्येकीचे आकडे वेगळे आले, हात वेगळा म्हणून आकडे वेगळे, आणि प्रत्येकीनं वहीच्या पानावर आपापल्या हाताचा ग्राफ आखला. त्यात वहिनींनी एक छोटं फूल भरून दाखवलं, खाने मोजत नव्हत्या, नुसतं भरत गेल्या. त्यांना स्वतःला आठवत नव्हतं शेवटचं कधी भरलं होतं. सासरे गेल्यावर ते ग्राफचे कागद कुठं गेले तेही माहीत नाही म्हणाल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि अजून वाटतंय. चादरीचं नाव आपण सगळे घेतो, पण ज्यांनी खाना खाना भरून ती डिझाइनं काढली त्यांचे कागद रद्दीत जातात. तुमच्या घरात असे ग्राफ असतील, आजोबांचे, सासऱ्यांचे, तर प्लीज टाकू नका. निदान मोबाइलवर नीट फोटो तरी काढून ठेवा, वरनं, उजेडात, कडेला पट्टी ठेवून.

अर्धवट सुया, म्हणजे ओळ पूर्ण न करता मधनंच परत फिरायचं, हे पण घ्यायचं होतं पण वेळ उरला नाही, नुसतं करून दाखवलं.

शिकवण्याबद्दल दोन गोष्टी, पुढे कुणी घेणार असेल तर उपयोगी पडतील. एक म्हणजे दुसऱ्याच्या हातातनं सुया काढून घ्यायच्या नाहीत. हे मी आधीच ठरवलं होतं आणि दिवसभर पाळलं, आणि फार अवघड जातं ते, कारण दहा सेकंदात आपण दुरुस्त करून देऊ शकतो आणि समोरची पण म्हणते, तुम्हीच करून द्या ना ताई. करून दिलं की तिचं कापड नीट होतं आणि तिला काही येत नाही. मी माझ्याकडे जाड ८ एमएमच्या सुया आणि दोन रंगांची जाड दोरी ठेवली होती, त्यावर तीच अडचण मुद्दाम तयार करायची, सोडवून दाखवायची, आणि मग तिनं तिच्या सुईवर. वेळ लागतो. लागू द्यावा. दुसरं, डावखुऱ्या मुलींना उजव्या हातानं विणायला लावू नये. एक कॉलेजातली मुलगी होती, आजीनं दोनदा शिकवायचा प्रयत्न केलेला आणि ‘तुला नाही जमायचं’ म्हणून सोडून दिलेलं. तिला मी शेजारी न बसवता समोरासमोर बसवलं, आरशात बघितल्यासारखं माझं बघून तिनं डावीकडनं विणायचं. तिन्ही सॅम्पलं तिनं केली, तिचा चौकोन तर सगळ्यात सरळ होता. फक्त चार्ट वाचताना तिनं डावीकडनं उजवीकडे वाचायचा, म्हणजे नक्षी उलटी येत नाही.

फी घेतली. काहींनी सुचवलं होतं की घरगुती तर आहे, फुकट घ्या. मला ते पटत नाही. बायकांच्या हातातलं काम म्हणून ते फुकट असावं हे मी तरी पुढे चालवणार नाही. सूत, चहा, जागेचं भाडं आणि माझा दिवस, सगळं धरून ठरवली, आणि एकीनंही जास्त म्हटलं नाही. दोघींना जमत नव्हती, त्यांच्याकडनं नंतर घेईन.

निघताना कुणाच्याही हातात पूर्ण वस्तू नव्हती आणि एकीनंही पॅटर्न मागितला नाही. ग्रुपवर रोज फोटो येतायत, एकीनं ३१ च्या जागी ६१ टाके घेऊन मोठा चौकोन केलाय उशीच्या अभ्र्यासाठी, त्या काकूंनी टाके सोडलेला स्टोल अर्धा केलाय.

पुढचं वर्कशॉप उन्हाळा कडक व्हायच्या आत घ्यायचंय, त्यात अर्धवट सुया आणि मोज्याची टाच. येणाऱ्यांनी घरनंच १५ सेंटिमीटरचं सॅम्पल विणून, धुवून, वाळवून आणा, न धुतलेल्या सुताचं माप धरू नका, आणि त्यावर १० सेंटिमीटरमध्ये टाके किती ओळी किती ते मोजून पान आखून आणा. पिळलेलं सूत मावशी आणणार आहेत, त्याचे पैसे त्यांना वेगळे द्यायचे. वहिनींना मी दुपारचा ग्राफचा तास घ्यायला सांगितलंय, त्या हो म्हणाल्यात.